स्कॉटलंडचे उचलण्याचे ऐतिहासिक दगड: नवख्यांनी भेट कशी द्यावी आणि ते जपावेत कसे

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, नद्यांच्या काठी वसलेल्या वाड्यावस्त्यांत आणि जुन्या सरदार घराण्यांच्या गढ्यांपाशी काही दगड असे आहेत, की ते उचलून दाखवल्याशिवाय तरुणाची गणना कर्त्या पुरुषांत होत नसे. गेलिक भाषेत अशा दगडाला 'क्लाख कुज फिर' म्हणतात. बहुतेकांचे वजन शंभर किलोच्या वर असते, त्यांना ना कडी असते ना मूठ, आणि कसोटी गावोगावी वेगळी असते. कुठे दगड जमिनीपासून सुटला तरी पुरते, कुठे तो कमरेपर्यंत आणावा लागतो, तर कुठे भिंतीवर किंवा दुसऱ्या उंच धोंड्यावर नेऊन ठेवावा लागतो. आपल्याकडच्या तालमींत दगडी नाल उचलण्याचा व्यायाम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यामागची ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

यांतले बरेचसे दगड वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड नाहीत. ते उघड्यावर आहेत, त्यांना हात लावता येतो आणि ज्याच्या अंगात बळ आहे त्याला ते उचलूनही पाहता येतात. माझ्या मते हेच त्यांचे खरे वैभव आहे, आणि ते सर्वस्वी शेजारपाजारच्या लोकांच्या सद्भावनेवर टिकून आहे. एखाद्या पाहुण्याने दगड आपटून त्याचा टवका उडवला, कोणाच्या अंगणात न विचारता पाऊल टाकले किंवा शेताच्या फाटकासमोर गाडी लावली, तर पुढच्या सगळ्यांची वाट बंद होऊ शकते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष उचलण्याचा भाग मुद्दाम उशिरा येतो. परवानगी, पाहणी आणि पूर्वतयारी यांना त्याच्या आधीची जागा दिली आहे.

पहिली पायरी: दगड निवडा आणि त्याची रीत समजून घ्या

नवख्याने एकाच प्रवासात पाच-सहा दगड उरकण्याचा बेत करू नये. एखादा दगड निवडावा, त्याचा इतिहास वाचावा आणि तिथली रीत काय आहे याची आधी चौकशी करावी, कारण प्रत्येक दगडाची व्यवस्था वेगळी आहे.

सर्वांत प्रसिद्ध आहेत ते डिनी स्टोन्स. ॲबर्डीनशायरमध्ये बँकरी आणि ॲबॉइन या गावांच्या दरम्यान डी नदीवर पोटार्कचा पूल आहे, तिथे हे दोन दगड ठेवलेले आहेत. मोठा 188 किलोंचा, धाकटा साधारण 144 किलोंचा, म्हणजे दोन्ही मिळून 332.49 किलो. दोघांनाही लोखंडी कड्या आहेत, कारण 1830 च्या दशकात पुलाच्या डागडुजीच्या कामासाठी, वजन म्हणून टांगायला, ते निवडले गेले होते. गवंडीकाम करणाऱ्या रॉबर्ट डिनी यांचा मुलगा डोनाल्ड याने 1860 मध्ये, वयाच्या तेविशीच्या आसपास, हे दोन्ही दगड नुसत्या हातांनी धरून पुलाच्या रुंदीइतके, म्हणजे सुमारे सव्वापाच मीटर अंतर, चालत नेले. पहिल्या महायुद्धानंतर हे दगड विस्मरणात गेले आणि 1953 मध्ये शक्तीच्या खेळांचे स्कॉटिश अभ्यासक डेव्हिड वेब्स्टर यांनी ते पुन्हा शोधून काढले. ज्या वस्तूसाठी जगभरातून माणसे येतात, ती काही दशके कोणाच्या खिजगणतीतही नव्हती, ही गोष्ट या विषयात नव्याने येणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावी. आज हे दगड पोटार्कच्या कॅफेपाशी आहेत. पाहायला कोणीही जावे, मात्र उचलण्यासाठी व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींशी आधी बोलून वेळ ठरवावी. हातपट्टे, म्हणजे पकडीला आधार देणारे मनगटाचे पट्टे, न वापरता केलेल्या उचलीचा मान तिथे निराळा आहे. तशी उचल 1973 मध्ये उत्तर आयर्लंडच्या जॅक शँक्स यांनी केली होती.

त्याच डी नदीच्या खोऱ्यात आणखी पश्चिमेला, क्रेथी आणि ब्रेमार यांच्यामधल्या रस्त्यालगत, इन्व्हर नावाची छोटी वस्ती आहे. तिथला इन्व्हर स्टोन 268 पौंडांचा, म्हणजे साधारण 121 किलोंचा आहे. गोलसर आणि धरायला कुठेच कंगोरा नसल्यामुळे तो आकड्यावरून वाटतो त्याहून अवघड जातो. हा दगड राहत्या घराजवळ आहे, आणि दार ठोठावून विचारणे ही तिथली साधी, जुनी रीत आहे. घरात कोणी नसेल तर पाहून परतावे, हे उत्तम.

पर्थशायरमधल्या ग्लेन लायन या लांबलचक दरीत कॅशली येथे फियाना स्टोन आहे. त्याचे वजन सुमारे 127 किलो. फियाना म्हणजे दंतकथांतल्या फिऑन या वीराचे योद्धे, आणि हा त्यांचा पारखण्याचा दगड, अशी समजूत आहे. दगडांच्या या वाकड्या दरीत फिऑनचे बारा किल्ले होते, अशी एक जुनी गेलिक म्हण आहे, आणि कॅशलीच्या आसपास जुन्या गोलाकार दगडी वस्त्यांचे अवशेष खरोखरच दिसतात. ते अवशेष स्वतंत्र वारसा आहेत. त्यांच्या भिंतीतला दगड काढून त्यावर सराव करण्याचा विचारही मनात आणू नये.

ॲबरफेल्डीजवळच्या वीम गावात कासल मेंझीज ही गढी आहे आणि तिथे सुमारे 115 किलोंचा मेंझीज स्टोन आहे. ही गढी हंगामापुरतीच आणि तिकीट काढून पाहता येते, त्यामुळे उचलण्याची इच्छा असेल तर तिथल्या व्यवस्थापनाला आधी लिहावे.

बॅलक्विडर गावचा पुटराख हा दगड मात्र मला सर्वांत बोलका वाटतो. ज्या उंच धोंड्यावर वजनाचा गोटा नेऊन ठेवायचा तो धोंडा राहिला, पण मूळ गोटा नाहीसा झाला. आता त्या जागी दुसरा वापरतात. दगड हा टिकाऊ पदार्थ असला, तरी परंपरेचा दगड तेवढा टिकाऊ नसतो. तो कोणता, हे सांगणारी माणसे गेली की तो शेजारच्या हजार दगडांत मिसळून जातो.

दुसरी पायरी: जमिनीवर जाण्याचा हक्क कुठपर्यंत आहे ते जाणून घ्या

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या भूमिसुधारणा कायद्याने सर्वांना बहुतेक जमिनींवर आणि जलाशयांवर पायी, सायकलने, घोड्यावरून किंवा होडीने जाण्याचा हक्क दिला आहे. भारतातून किंवा इंग्लंडमधून येणाऱ्याला ही मोकळीक थक्क करणारी वाटते आणि तिथेच गैरसमज होतो. हा हक्क बिनशर्त नाही, जबाबदारीने वागण्याच्या अटीवरच तो आहे. ही जबाबदारी म्हणजे काय, ते 'स्कॉटिश आउटडोअर ॲक्सेस कोड' या आचारसंहितेत साध्या भाषेत सांगितले आहे आणि निघण्यापूर्वी ती पूर्ण वाचावी. तिचा गाभा तीन गोष्टींत आहे: इतरांच्या हिताचा आदर करावा, निसर्गाची काळजी घ्यावी आणि आपल्या कृतीची जबाबदारी आपण घ्यावी.

दगडांच्या बाबतीत यातल्या काही मर्यादा विशेष महत्त्वाच्या आहेत. हा हक्क लोकांच्या घरांना आणि घरातल्यांच्या खासगीपणासाठी लागणाऱ्या भोवतालच्या आवाराला लागू होत नाही. म्हणून घरापाशी ठेवलेल्या दगडासाठी कायद्याचा हवाला देत आत शिरता येत नाही. मोटार चालवत माळावर किंवा खासगी वाटेवर जाण्याचा हक्कही यात नाही. आणि जमिनीवरून चालत जाण्याची मुभा असली, तरी तिथली वस्तू हलवण्याची, नेण्याची किंवा खराब करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. मी तर असे म्हणेन, की दगडापर्यंत पोहोचणे हा हक्काचा भाग समजावा आणि दगड उचलणे हा परवानगीचा. हा फरक मनात पक्का असला, की पुढचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत.

परवानगी मागताना पत्र किंवा ईमेल लहान आणि स्पष्ट ठेवावे. आपण किती जण येणार, कोणत्या दिवशी, साधारण किती वेळ थांबणार, चित्रीकरण करणार का आणि स्वतःच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपण घेत आहोत, एवढे सांगितले की मालकाला उत्तर देणे सोपे जाते. नकार आला तर कारण विचारत बसू नये. मेंढ्यांच्या विणीचा काळ असेल, घरात आजारपण असेल, किंवा आधीच्या कोणा पाहुण्याचा वाईट अनुभव असेल. कारण सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नाही.

ऋतूचा विचारही याच पायरीवर करावा. वसंतात मेंढ्यांना कोकरे होतात, एप्रिल ते जुलै या काळात जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंड्यांवर असतात, तेव्हा सोबत कुत्रा असल्यास तो आखूड पट्ट्याने बांधलेला असावा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत डोंगरउतारांवर हरणांची शिकार चालते, आणि त्या दिवसांत कोणत्या बाजूने जाऊ नये, याची सूचना लावलेली असेल तर ती पाळावी.

तिसरी पायरी: निघण्यापूर्वीची तयारी

व्यायामशाळेत लोखंडी दांडा दीडशे किलोंनी उचलणारा माणूसही शंभर किलोंच्या गोट्यापुढे हतबल होऊ शकतो, कारण इथे पकड बोटांची कमी आणि छाती, दंड व तळहात यांच्या दाबाची जास्त असते. म्हणून घरी वाळू भरलेल्या जाड पिशवीवर काही महिने सराव करावा आणि मग एखाद्या साध्या, आपल्या मालकीच्या गोट्यावर. ऐतिहासिक दगड हा सरावाचा दगड नव्हे. जे वजन दुसऱ्या कशाचे तरी आपण सहज पेलतो, त्याच्या जवळपासचाच दगड निवडावा, म्हणजे हातातून निसटण्याची शक्यता कमी होते. आणि दगडाचे सर्वांत मोठे नुकसान निसटण्यानेच होते.

सोबत एक तरी माणूस असावा. दऱ्यांमध्ये मोबाइलला अनेकदा रेंज नसते आणि रुग्णालय दूर असते. रस्ते बरेचदा एकाच गाडीच्या रुंदीचे असतात. त्यांच्या कडेला केलेल्या फुगीर जागा समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी असतात, गाडी लावून ठेवण्यासाठी नव्हेत. गवतातून चालल्यावर अंगावर गोचीड चिकटली आहे का हे संध्याकाळी पाहावे, कारण तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो.

चौथी पायरी: हात लावण्याआधी पाहा

दगडापाशी पोहोचल्यावर घाई करू नये. आधी त्याच्याभोवती एक फेरी मारून तो कसा बसला आहे ते पाहावे: वरची बाजू कोणती, कोणते टोक कुठे वळले आहे, खाली माती आहे, गवत आहे की दुसरा दगड. चारही बाजूंनी फोटो काढावेत. हे फोटो आठवणीसाठी नाहीत. दगड नंतर तंतोतंत तसाच ठेवण्यासाठी ते लागतात.

जवळ वाकून पाहिले, तर फार उचलल्या न जाणाऱ्या दगडावर करड्या, पिवळसर आणि काळपट रंगाचे पातळ थर दिसतात. हे दगडफूल म्हणजे लायकेन होय. पृष्ठभागाला घट्ट चिकटून वाढणाऱ्या त्याच्या कित्येक जाती वर्षाकाठी एक मिलिमीटरही पसरत नाहीत, म्हणजे तळहाताएवढ्या डागाला कित्येक दशके लागलेली असतात. ज्या दगडांवर पिढ्यान्‌पिढ्या हात पडले आहेत, त्यांच्या दोन बगलांवर हा थर विरळ असतो आणि तिथला दगड किंचित गुळगुळीत लागतो. पकड कुठे घ्यायची, हे तो दगड स्वतःच दाखवत असतो. ज्या ठिकाणी थर दाट आहे, तिथे नखे किंवा बूट घासू नयेत. तारेचा ब्रश, साबण किंवा रसायन वापरून दगड 'स्वच्छ' करणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे.

दगड ओला असेल तर उचलू नये. थंडीत तो जमिनीशी गोठून धरला गेला असेल, तर पहार घालून सोडवू नये. दगडात नवी चीर, सुटा पापुद्रा किंवा डिनी स्टोन्ससारख्या दगडांच्या कडीत हालचाल दिसली, तर त्या दिवशी उचलण्याचा बेत सोडून मालकाला कळवावे.

पाचवी पायरी: उचलणे

दगड दोन्ही पायांच्या मध्ये घ्यावा. कंबरेतून आणि गुडघ्यांतून वाकून दोन्ही हात त्याच्या बगलांखाली सरकवावेत आणि दंड शक्य तितके सरळ ठेवावेत. कोपर वाकवून हातांच्या जोरावर ओढण्याच्या प्रयत्नात दंडाचा स्नायू फाटतो, आणि ही या प्रकारातली ओळखीची दुखापत आहे. जमिनीपासून सुटलेला दगड आधी मांड्यांवर घ्यावा, तिथे क्षणभर स्थिर होऊन पकड बदलावी, छातीशी घट्ट कवटाळावा आणि मग पायांच्या बळावर उभे राहावे. पहिल्या भेटीत दगडाखालून वारा गेला, म्हणजे तो जमिनीपासून पूर्ण सुटला, तरी ते यश मानावे. छातीपर्यंत न्यायलाच हवा, असा हट्ट धरू नये.

हाताला काय लावावे, यावर माझे मत ठाम आहे. आजच्या बलस्पर्धांत पाइनच्या राळेपासून केलेला चिकट पदार्थ वापरतात, तो ऐतिहासिक दगडाला कधीही लावू नये. तो दगडाच्या रंध्रांत बसतो, धूळ धरतो, डाग सोडतो आणि पुढच्या माणसाची कसोटीच बदलून टाकतो. खडूची पूड मालकाची हरकत नसेल तर अगदी थोडी चालेल, पण ती हातावर चोळावी, दगडावर फासू नये आणि शेवटी मऊ ब्रशने किंवा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. उघड्या हातांनी उचलणे हेच परंपरेला धरून आहे.

दगड खाली ठेवण्याला उचलण्याइतकेच महत्त्व आहे. छातीवरून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर, असा उलट्या क्रमाने तो उतरवावा. जड दगड कठीण जमिनीवर आदळला की कडेचा टवका उडतो, आणि आतली चीर तर डोळ्यांना दिसतही नाही; ती पुढच्या हिवाळ्यांत पाणी गोठून रुंदावते. एखाद्या उंच धोंड्यावर दगड ठेवायचा असेल, तर ठेवणाऱ्याने आणि सोबत्याने तो टेकवायचा आहे, फेकायचा नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. दुसरा माणूस बाजूला उभा असावा, पण पडणाऱ्या दगडाखाली हात घालू नये. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही, तर थांबावे. थकलेल्या हातांतूनच दगड निसटतो.

सहावी पायरी: जागा होती तशी करा

जाताना दगड मूळ खळग्यात, मूळ बाजू वर ठेवून, फोटो पाहून बसवावा. जाड गवत चिरडले असेल तर हाताने सारखे करावे. दगडावर नाव, तारीख किंवा खूण काहीही लिहू नये. उघडलेले फाटक बंद करावे, मुळातच उघडे होते ते उघडेच ठेवावे. ज्यांनी परवानगी दिली त्यांना दोन ओळी लिहून आभार कळवावेत.

जे दगड उचलायचे नसतात

ग्लेन लायनच्या वरच्या टोकाला, ग्लेन कायलिख नावाच्या निर्जन पोटदरीत, 'टाय नम बोदाख' ही गवताने शाकारलेली बुटकी दगडी घुमटी आहे. तिच्यात पाण्याने झिजून माणसाच्या आकारासारखे झालेले जड दगड आहेत; त्यांना कायल्याख म्हणजे म्हातारी, बोदाख म्हणजे म्हातारा आणि त्यांची मुलगी मानतात. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथली माणसे त्यांना बाहेर मांडतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा आत ठेवून घुमटी बंद करतात. फियाना स्टोन याच दरीत असल्यामुळे नवख्याला दोन्ही एकाच प्रकारचे वाटू शकतात, पण हे दगड ताकद आजमावण्यासाठी नाहीत. त्यांना हलवण्याचा मान ठरलेल्या माणसांचा आणि ठरलेल्या दिवसांचा आहे. आपण दुरून पाहावे, आत हात घालू नये आणि तिथे काही ठेवूही नये. शेंदूर लावलेला गावदेवीचा तांदळा कोणी व्यायामासाठी उचलत नाही, हे मराठी माणसाला कळते. तीच मर्यादा इथेही पाळावी.

जुन्या दफनभूमीतले दगड, वाटीसारख्या खळग्यांची आणि वर्तुळांची कोरीव नक्षी असलेले धोंडे, तसेच वर्तुळाकार मांडलेल्या उभ्या शिळा यांनाही हेच लागू आहे. संरक्षित स्मारकाला हानी पोहोचवणे हा 1979 च्या प्राचीन स्मारके कायद्याखाली गुन्हा आहे. एखादे ठिकाण संरक्षित आहे का, हे 'हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड' या संस्थेच्या सार्वजनिक नोंदींत पाहता येते.

विसरलेला दगड सापडला तर

कधी एखादा वृद्ध शेतकरी बोलता बोलता सांगतो, की आमच्या आजोबांच्या काळी जत्रेच्या दिवशी पोरे तो कोपऱ्यातला धोंडा उचलत असत. अशा वेळी दगड हलवण्याआधी ते बोलणे नोंदवून घेणे अधिक मोलाचे असते. सांगणाऱ्याच्या संमतीने ते ध्वनिमुद्रित करावे: दगडाला काय नाव होते, कधी उचलत, कुठपर्यंत, आणि शेवटचे कोणी उचललेले त्यांना आठवते. मग जागेचे नकाशावरचे निर्देशांक, दगडाची लांबी-रुंदी-उंची, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि भोवतालच्या खुणा टिपाव्यात. वजन अंदाजाने लिहू नये. डिनी स्टोन्सचे एकत्रित वजन बरीच वर्षे 785 पौंड छापले जात होते. नीट तोलल्यावर ते 733 पौंड भरले. मोजलेले नसेल तर 'मोजलेले नाही' असेच लिहावे.

ही नोंद प्रथम जमिनीच्या मालकाला द्यावी आणि त्याच्या संमतीने त्या भागातल्या वारसानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे पाठवावी. पर्थ आणि किन्रॉस भागात हे काम 'पर्थ अँड किन्रॉस हेरिटेज ट्रस्ट' पाहतो, ॲबर्डीनशायरमध्ये तिथल्या काउन्सिलचा पुरातत्त्व विभाग. दगड सुरक्षित राहावा म्हणून तो उचलून हॉलमध्ये, व्यायामशाळेत किंवा स्वतःच्या घरी नेण्याचा मोह टाळावा, कारण जागेवरून हललेल्या दगडाची ओळख अर्धी पुसली जाते. रस्त्याच्या कामामुळे किंवा पुरामुळे खरोखरच धोका असेल, तर निर्णय मालक आणि पुरातत्त्व विभागाने मिळून घ्यावा. नेमके ठिकाण इंटरनेटवर टाकायचे की नाही, हेही मालकानेच ठरवावे. तो नको म्हणाला, तर दगडाची गोष्ट सांगावी आणि फक्त खोऱ्याचे नाव लिहावे.